दंतवैद्यकीचा अर्ज आणि आमची एक चूक



या पानावर आम्ही एरवी उसाच्या जाती, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या वेळचा विषय दातांच्या डॉक्टरकीचा आहे. आपल्या अंकात हे कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आमचीच एक चूक आहे. चूक चारचौघांत झाली, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांतच व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हंगामात, फेब्रुवारी महिन्यात, तोडणीच्या कामानिमित्त आम्ही चिंचपाडा गटात गेलो होतो. चिटबॉय आणि मुकादम यांच्याशी बोलणं आटोपलं आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो. तिथे आपले एक जुने सभासद भेटले. ऊस कधी तुटणार, बिल कधी निघणार, हे विचारून झालं. मग आबा जरा घुटमळले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या सूनबाईला दातांची डॉक्टर व्हायचंय. फॉर्म निघालाय म्हणते. भरता येईल का?"

आम्ही विचारलं, "आबा, सूनबाईचं वय किती?"

"एकोणतीस पूर्ण. एक पोरगी आहे. बारावी सायन्स केली, मग नर्सिंग केलं, आता दवाखान्यात नोकरीला आहे."

आम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्या जाणतेपणाने सांगितलं, "आबा, ते आता जमायचं नाही. त्या परीक्षेला वयाची अट असते. पंचविसाच्या आत, आणि राखीव असेल तर तिसाच्या आत. आता अभ्यास करून परीक्षा देईपर्यंत तिशी उलटेल. शिवाय या वयात कशाला तो व्याप?"

टपरीवरच्या चार जणांनी माना डोलावल्या. आबाही "बरोबर आहे" म्हणाले आणि गेले. फॉर्मची मुदत मार्चमध्ये संपली. सूनबाईने फॉर्म भरला नाही.

पुढे जून महिन्यात एका कार्यक्रमात नवापूरकडचे जीवशास्त्राचे एक प्राध्यापक भेटले. बोलता बोलता हा विषय निघाला. ते म्हणाले, "अहो, ती अट केव्हाच गेली. तुम्ही कोणत्या जमान्यात आहात?" आम्ही ओशाळलो. कागद न वाचता सल्ला दिला आणि एका होतकरू मुलीचं एक वर्ष वाया घालवलं. दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी जाऊन माफी मागितली. सूनबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून नाही, सगळेच तसं सांगत होते." हे ऐकून आम्हांला जास्तच लागलं.

असो. आता नियम काय आहे ते नीट पाहू.

डॉक्टरकी आणि दंतवैद्यकी या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो तो 'नीट' या देशपातळीवरच्या एकाच परीक्षेतून. या परीक्षेला मधल्या काळात खरोखरच कमाल वयाची अट होती. सर्वसाधारण गटाला २५ वर्षे आणि राखीव गटांना ३० वर्षे. त्याविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेले. २०१८ नंतर काही वर्षे सर्वोच्च न्यायालयाच्या हंगामी आदेशामुळे वय ओलांडलेल्यांनाही परीक्षेला बसता येत होतं. अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकल्याचं कळवलं. आता अट आहे ती फक्त किमान वयाची. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. वरच्या बाजूला मर्यादा नाही. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

म्हणजे आमच्या डोक्यात जो नियम होता तो खोटा नव्हता, शिळा होता. शिळ्या नियमाचा तोटा असा की तो ऐकणाऱ्याला खरा वाटतो.

याचं बोलकं उदाहरण ओडिशातलं आहे. जयकिशोर प्रधान हे गृहस्थ स्टेट बँकेतून निवृत्त झाले, त्यानंतर त्यांनी नीट परीक्षा दिली आणि २०२० साली वयाच्या ६४ व्या वर्षी बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेतला. वर्तमानपत्रांत तेव्हा त्यांचे फोटो आले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ती बातमी वाचली असेल, कौतुकही केलं असेल. आम्हीही केलं होतं. तरी आबांनी विचारलं तेव्हा ती आठवली नाही. दूरच्या माणसाचं कौतुक करायला काही लागत नाही. आपल्या गावातल्या सुनेने तेच करायचं म्हटलं की आपल्याला नियम आठवतात.

आणि उशिरा शिकणं ही काही आजची गोष्ट नाही. चिंचपाड्याहून गाडीत बसलं की नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत सुरत येते. आपली माणसं दवाखान्याला सुरतेला जातातच. त्याच सुरतेत १८९५ सालापासून डॉ. रखमाबाई यांनी अनेक वर्षे बायकांच्या रुग्णालयात काम केलं. त्यांचा जन्म १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातला. अकराव्या वर्षी लग्न लागलं. नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये तडजोड होऊन तो खटला मिटला. नंतर १८८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकायला गेल्या. तोवर त्यांचं बरंचसं शिक्षण घरीच झालेलं होतं. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ज्या काळी पंचविशीतल्या बाईला लोक पोक्त म्हणत, त्या काळी त्यांनी पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं.

दातांच्याच क्षेत्रातलं म्हणाल तर अमेरिकेतल्या ल्यूसी हॉब्ज या बाईंचं उदाहरण आहे. त्यांचा जन्म १८३३ चा. आधी बरीच वर्षे शाळेत शिकवलं. पुढे दंतवैद्यकीच्या कॉलेजात अर्ज केला, तर बाई म्हणून नाकारला. त्या खाजगी रीतीने शिकल्या, दवाखाना थाटला, चार वर्षे लोकांचे दात पाहिले. मग त्याच कॉलेजला त्यांना घ्यावं लागलं. १८६६ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या तोंडाशी, त्यांनी पदवी घेतली. दंतवैद्यकीची रीतसर पदवी घेणारी ही जगातली पहिली स्त्री समजली जाते. म्हणजे या धंद्यात बायकांचा जो पहिला पाय पडला, तो उशिरा आलेल्या विद्यार्थिनीचाच.

आता कोणी म्हणेल, शिकायचंच तर दुसरं काही शिका, दातच का? आम्हीही सूनबाईला हेच विचारलं. ती म्हणाली, "दवाखान्यात बायका येतात त्या पोटदुखीसाठी. तोंड उघडलं की कळतं, निम्मे दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या. कुणी सांगितलेलंच नसतं. सांगायला गेलं तर म्हणतात, वरचा दात काढला की डोळा जातो."

तिचं म्हणणं आपण रोज पाहतो. सकाळी उठून मिसरी लावणाऱ्या आयाबाया घराघरात आहेत. तोडणीच्या फडात तंबाखूची पुडी कोयत्याइतकीच जवळ असते. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ लोक खाण्याच्या किंवा लावण्याच्या तंबाखूचा वापर करतात असं आढळलं. म्हणजे जवळपास चारांतला एक. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची डबी काही सुटलेली नाही. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा पांढऱ्या चट्ट्याने किंवा न भरणाऱ्या जखमेने होते. तोंड कमी उघडू लागतं, तिखट सोसेनासं होतं. हे सर्वांत आधी दिसू शकतं ते दात तपासणाऱ्यालाच. म्हणून खेड्यातला दंतवैद्य म्हणजे नुसता दात उपटणारा माणूस नव्हे.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. आपण साखर करतो. साखर आणि दात यांचं नातं आपणच लपवलं तर बरं दिसणार नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. साखर किती खाल्ली यासोबतच ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली हेही महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं आहे की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. तेव्हा साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरातून एखादी दातांची डॉक्टर निघाली, तर ते ऋण फेडल्यासारखंच होईल.

आता मुख्य मुद्दा. अर्ज करायचा कसा? ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, लग्न झालं, नोकरी लागली, अशांसाठी क्रमाने लिहितो.

पहिली गोष्ट बारावीची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन पास झालेलं असावं लागतं. पहिल्या तीन विषयांत मिळून सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के गुण लागतात. गुणपत्रिका दहा-बारा वर्षांची जुनी असली तरी चालते. नर्सिंग, बी.एस्सी., डी.एड. असं नंतर काही केलं असेल तर त्याने अडत नाही, पण त्याची सूटही मिळत नाही. नर्स असो की आपल्या कारखान्याच्या लॅबमधला केमिस्ट, दंतवैद्यकीला पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं.

ज्यांनी बारावीला जीवशास्त्र घेतलं नव्हतं त्यांची पंचाईत पूर्वी मोठी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र पास होणाऱ्यांनाही नीटची वाट मोकळी केली. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांनाही आता बसता येतं. मात्र राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं आणि अधिवास या अटी पाहाव्या लागतात. आपला सीमेवरचा तालुका. पुष्कळांची शाळा इकडे आणि कॉलेज गुजरातेत झालेलं असतं. त्यांनी राज्याची माहितीपुस्तिका आधी वाचावी आणि मगच पुढे जावं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. पेपर एकूण ७२० गुणांचा. २०२५ पासून पुन्हा १८० प्रश्न आणि तीन तास अशी पद्धत आली. भौतिक ४५, रसायन ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ गुण वजा. पाहा, निम्मा पेपर जीवशास्त्राचा आहे. नर्सिंग केलेल्या मुलीला शरीररचनेची ओळख असते, तिला तिथे हात मिळतो. घाम निघतो तो भौतिकशास्त्रात. पेपर मराठीतही घेता येतो, पण तो पर्याय फॉर्म भरतानाच निवडावा लागतो. पुढचं सगळं शिक्षण मात्र इंग्रजीत आहे, म्हणून इंग्रजी शब्दांची सवय आतापासूनच ठेवलेली बरी.

परीक्षा २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. फॉर्म भरण्याचे दिवस बहुधा फेब्रुवारी-मार्चचे. म्हणजे नेमके आपल्या गळीत हंगामाच्या भराचे. घरात टोळीचा जेवणखर्च, रात्री-अपरात्री ट्रॅक्टर, पाण्याच्या पाळ्या. अशात सुनेच्या फॉर्मकडे कोण पाहतो? म्हणून जानेवारीतच कागद गोळा करून ठेवावेत.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. इथे लग्न झालेल्या मुलींची फार ओढाताण होते. फॉर्मवर नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे घालावं. आधार कार्डावर सासरचं नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ हवं. जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या नात्याने असतो, सासरच्या नव्हे. अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश हवा तर नुसता दाखला पुरत नाही, तपासणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले माहेरी पेटीत पडलेले असतात. ते आजच काढा. शिक्षणात खंड पडल्याबद्दलचं शपथपत्रही तयार ठेवा. मधल्या वर्षांत काय केलं ते त्यात लिहायचं असतं. नोकरी केली, संसार केला, हे लिहायला लाजायचं कारण नाही.

चौथी गोष्ट निकालानंतरची. पात्र ठरायला सर्वसाधारण गटाला ५० आणि राखीव गटांना ४० पर्सेंटाइल लागतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ४० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले चाळीस आपल्या मागे आहेत एवढाच अर्थ. पात्र ठरणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. जागा गुणानुक्रमाने मिळते. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात. राज्याच्या जागांसाठी निकालानंतर राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नीट पास झालो म्हणून घरी बसून राहिलेले लोक आम्ही ऐकले आहेत. नोंदणीची मुदत गेली की गेली.

सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मुंबईत महानगरपालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. आपल्याला जवळ म्हटलं तर धुळ्याला खाजगी कॉलेज आहे. नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे डॉक्टरकीचं शिक्षण जिल्ह्यात आलं. दातांसाठी मात्र कोंडाईबारीचा घाट ओलांडावाच लागतो.

आता वर्षांचा आणि पैशांचा हिशोब. अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि दातांची रचना. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी औषधं, जंतुशास्त्र, दात भरायचे आणि कवळीचे पदार्थ. पुढे प्रत्यक्ष रुग्ण. हजेरी सक्तीची, तेव्हा नोकरी सांभाळून हे होत नाही. आबांच्या सूनबाईचं गणित मांडलं तर आज तीस, पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर एकतीस, छत्तिसाव्या वर्षी डॉक्टर. तिथून पुढे पंचवीस वर्षे तरी हात चालेल. "छत्तीस वर्षांची होऊन डॉक्टर होणार का?" असं शेजारीण म्हणाली म्हणे. सूनबाईने उत्तर दिलं, "डॉक्टर नाही झाले तरी छत्तीस होणारच आहे ना?"

पैशाच्या बाबतीत सरकारी आणि खाजगी कॉलेजच्या फीमध्ये फार अंतर आहे. खाजगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती जाहीर असते, कुणी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. त्यांची चौकशी नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात करावी. प्रवेशाला वयाची अट नसली तरी शिष्यवृत्तीच्या किंवा वसतिगृहाच्या एखाद्या योजनेला ती असू शकते. म्हणून "वयाची अट आहे का?" हा प्रश्न प्रत्येक खिडकीवर वेगळा विचारा आणि उत्तर लेखी कागदावर पाहा. आमच्यासारख्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आणखी एक सावधगिरी. मोठ्या वयाचा विद्यार्थी घाईत असतो, हे काही लोक बरोबर ओळखतात. "पैसे द्या, सीट पक्की करतो" म्हणणारा भेटला तर सरळ घरचा रस्ता दाखवा. यादीत नाव लागल्याशिवाय जागा नाही. महागड्या क्लासशिवाय होत नाही असंही नाही. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं हा पाया. ती एकदा नव्हे, चार-चार वेळा वाचायची आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या.

हे सर्व लिहूनही आम्ही असं म्हणणार नाही की प्रत्येकाने उठावं आणि फॉर्म भरावा. परीक्षा कठीण आहे. पहिल्या खेपेला जागा मिळेलच असं नाही. लहान मूल घरी ठेवून पाच वर्षे दूर राहणं सोपं नाही. कर्ज काढून खाजगी कॉलेजात गेलात तर ते फेडायचंही आहे. ज्यांना एवढं जमणार नाही पण याच कामात यायचं आहे, त्यांच्यासाठी डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक हे लहान अभ्यासक्रम आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटिस्टबरोबर या दोघांचीही वेगळी नोंदणी मान्य केली होती. दात आणि हिरड्या साफ करणारा आणि कवळी घडवणारा, दोघांचंही काम मानाचं आहे. तेव्हा विचार करूनच ठरवा. पण विचार करण्याआधीच "वय गेलं" म्हणून कुणाला परत पाठवू नका. आम्ही तेच केलं होतं.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचं बरं-वाईट त्याच्या घरावर फार अवलंबून असतं. सतरा वर्षांच्या मुलाला अभ्यास करताना पाहून घरचे टीव्हीचा आवाज कमी करतात. तीस वर्षांची सून पुस्तक घेऊन बसली की तिला भाकरीची आठवण करून देतात. कायद्याने अट काढली ती २०२२ साली. घराघरातली अट अजून आपणच काढायची आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा खोडव्याचा मामला आहे. लागणीचा ऊस तुटला की आपण खोडव्याकडे दुर्लक्ष करतो, येईल तेवढं येईल म्हणतो. शेतकी खातं दरवर्षी ओरडून सांगतं की खोडव्याच्या मुळ्या जमिनीत तयार असतात, पाचट ठेवा, बुडखे छाटा, खत-पाणी वेळेवर द्या, मग पाहा कसा येतो. बारावी होऊन दहा वर्षे झालेल्या माणसाचंही असंच आहे. वरचं तुटलेलं दिसतं, पण मुळी जिवंत असते.

ताजी खबर सांगून थांबतो. आबांनी सूनबाईसाठी नंदुरबारहून अकरावी-बारावीची पुस्तकं आणली. रात्रपाळी नसेल त्या दिवशी ती पहाटे चारला उठते. नातीला शाळेत सोडायचं काम आता आबांकडे आहे. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज गेला आहे. भौतिकशास्त्र अजून जड जातं, असं ती म्हणाली. यंदा फॉर्म भरायचा हे ठरलं आहे, आणि तो भरायला आम्ही स्वतः तिच्याबरोबर जाणार आहोत. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. मागच्या वर्षी आमच्यामुळे तो लागायचाच राहिला, एवढं मात्र नक्की.

आपल्या गटात, आपल्या घरात असं कुणी असेल तर शेतकी कार्यालयात येऊन भेटा. नियमाचा कागद आम्ही या वेळी आधी वाचून ठेवला आहे.